डिस्कची मोजणी आणि आप्तवाक्य



आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी आधीच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हार्ड डिस्कशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकशास्त्र कधी शिकलो नाही. पण एका डिस्कने एकदा आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ती अशी का वागली, हे समजून घेण्यात पुढची काही वर्षं गेली. त्यातून हाती आला तो एक लहानसा इतिहास, आणि तो आमच्याच शास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास निघाला. एखादी गोष्ट आपल्याला कळते ती कशाच्या आधारावर? स्वतः पाहून, तर्क करून, की कोणी सांगितलं म्हणून?

आधी घडलं काय ते सांगतो. आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. समुद्र हाकेच्या अंतरावर. घरात जे काही लोखंडाचं असेल त्याला खारा वारा खातो, आणि संगणक काही त्याला अपवाद नाही. २००१ च्या पावसाळ्यात आमच्या जुन्या संगणकाचा मुख्य बोर्ड गेला. डिस्क मात्र धडधाकट होती, ६.४ जीबीची. त्या डिस्कवर आमच्या सरांचं काम होतं. सरांनी अखेरची तीन वर्षं अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वर मराठी विवेचन तोंडी सांगितलं होतं आणि आम्ही ते संध्याकाळी बसून टाइप केलं होतं. सर गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. छापून काढलेली पानं होती चाळीसेक, फ्लॉपीवरची प्रत वर्षापूर्वीची. काकू भेटल्या की विचारायच्या, "अरे, यांचं पुस्तक कुठवर आलं?"

नवा संगणक आला. जुनी डिस्क त्यात दुसरी डिस्क म्हणून जोडली. पडद्यावर तिचं नाव बरोबर आलं, क्षमता बरोबर आली. पण तिचे आम्ही दोन भाग केले होते, त्यांतला दुसरा, ज्यात सरांचं काम होतं, तो कुठेच नव्हता. बिघडलाय असं नव्हे, तो नव्हताच. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "सर, डिस्कचं पार्टिशन गेलं. नवीन करून फॉरमॅट मारून देतो, डिस्क नव्यासारखी होईल." डिस्क नव्यासारखी होणार, हीच तर भीती होती. आम्ही त्याला चहा पाजला आणि हात लावू नको म्हणून सांगितलं. डिस्क काढून कपाटात ठेवली. तिला काय झालं होतं ते सांगायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

पार्टिशन म्हणजे वाटणी. कोकणात वाटणी या शब्दाची फोड करून सांगायची गरज नाही. एक जमीन, तिचे हिस्से, हिस्स्यांमध्ये जांभ्याचा गडगा. गडगा कुठे घालायचा ते मोजणीच्या कागदावरून ठरतं, आणि कागदावर जमीन नसते, असतात ती फक्त मापं: अमुक खुणेपासून इतक्या साखळ्या. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी तेहेतीस फुटांची धरत, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पण इंग्रजी मोजणीत गुंटरची साखळी असे, ती सहासष्ट फुटांची. आता समजा कागदावर नुसतं लिहिलंय, 'वडापासून दहा साखळ्यांवर हद्द', आणि साखळी कोणती ते लिहिलेलं नाही. एक मोजणीदार गडगा घालील तीनशे तीस फुटांवर, दुसरा सहाशे साठ फुटांवर. दोघेही प्रामाणिक, दोघांचंही गणित बिनचूक, आणि कुणाच्या तरी घरातून गडगा जाणार. हे चित्र मनात ठेवा. आमच्या डिस्कचं हेच झालं होतं.

हार्ड डिस्क आली १९५६ मध्ये, आयबीएमच्या रॅमॅक यंत्राबरोबर. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, सगळ्या मिळून क्षमता पन्नास लाख अक्षरं. आज एखाद्या फोटोलाही ती पुरणार नाही. तबकडीच्या प्रत्येक बाजूवर शंभर वर्तुळं आखलेली असत. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच खाच असते, आत आत गुंडाळत जाणारी. इथे तसं नाही, वर्तुळं सुटी सुटी, एकात एक. वर्तुळाला म्हणायचं ट्रॅक, ट्रॅकच्या तुकड्याला सेक्टर, वाचणाऱ्या टोकाला हेड. पुढच्या डिस्कांत प्रत्येक पृष्ठाला स्वतःचं हेड मिळालं, सगळी हेडं एकाच दांड्यावर, एकदमच आतबाहेर होणारी. त्यामुळे सगळ्या तबकड्यांवरची एका त्रिज्येची वर्तुळं मिळून एक काल्पनिक नळकांडं तयार होतं, त्याचं नाव सिलिंडर. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "संपला का इतक्यात?"

तर डिस्कवरच्या कुठल्याही जागेचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येई: कितवा सिलिंडर, कितवं हेड, कितवा सेक्टर. हा पत्ता त्या काळात अक्षरशः खरा होता. डिस्क उघडून पाहिली असती तर तितकी हेडं मोजता आली असती. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी-एक्सटी आला, त्यातल्या डिस्कला सिलिंडर ३०६, हेडं ४ आणि दर ट्रॅकला १७ सेक्टर. गुणाकार करा, २०,८०८ सेक्टर होतात. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे १,०६,५३,६९६ बाइट. हीच ती दहा एमबीची डिस्क.

त्याच वर्षी डॉस २.० बरोबर वाटणीचा कागद आला. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये चौसष्ट बाइटांचं कोष्टक, त्यात चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइटांची. प्रत्येक हिस्सा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते तीन आकड्यांच्या पत्त्यात लिहायचं. या पत्त्याला तीन बाइट दिले: हेडसाठी आठ बिट, सेक्टरसाठी सहा, सिलिंडरसाठी दहा. म्हणजे हेडं जास्तीत जास्त २५६, सेक्टर ६३, सिलिंडर १,०२४. दहा एमबीच्या जमान्यात हे अंगण एवढं ऐसपैस होतं, की त्याला कधी कुंपण लागेल असं कोणाच्या मनातही आलं नसावं. त्याच नोंदीत आणखी एक पत्ताही लिहीत: डिस्कच्या सुरुवातीपासून हा हिस्सा कितव्या सेक्टरवर आहे, नुसता अनुक्रमांक. एकाच जागेचे दोन पत्ते, एका ओळीत. हे विसरू नका, पुढे कामाला येईल.

आता मुख्य प्रश्न. डिस्कला हेडं किती, सिलिंडर किती, हे संगणकाला कळायचं कसं? न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं मानतात. त्यांतलं उपमान आज बाजूला ठेवू. उरतात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहणं. धूर दिसला त्यावरून डोंगरावर आग आहे म्हणणं, हे अनुमान. आणि जो जाणकार आहे आणि खरं बोलतो त्या माणसाच्या सांगण्यावरून कळणं म्हणजे शब्द. अशा माणसाला आप्त म्हणतात. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक झाला. नात्यातला तेवढाच विश्वासाचा, असं आपण का मानलं कोण जाणे, वाटण्या करताना तरी तसा अनुभव कमीच.

संगणकाने डिस्क 'ओळखली' असं आपण सहज म्हणतो. त्यावरून वाटतं, की त्याने आत डोकावून हेडं मोजली असावीत. तसं फारसं कधीच झालेलं नाही. सुरुवातीला तर सरळ माणसानेच सांगायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा जागा होणारा कार्यक्रम, त्याच्यात डिस्कच्या प्रकारांची एक यादीच भरलेली असे. प्रकार दोन म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ हेडं, १७ सेक्टर. यंत्र बसवणाऱ्याने डिस्कवरचं लेबल वाचून प्रकाराचा क्रमांक भरायचा. पुढे यादी पुरेना, तेव्हा आकडे हाताने भरायची सोय झाली, बहुतेक यंत्रांत तो प्रकार सत्तेचाळीस. कार्यप्रणाली, म्हणजे डॉस वगैरे, विचारणार बायोसला, आणि बायोस सांगणार माणसाने जे भरलं ते. शब्दप्रमाण, अगदी शुद्ध. चुकीचा आकडा भरला तर डिस्क बिचारी काही बोलू शकत नसे.

मग आयडीई डिस्का आल्या. त्यांच्या अंगावरच त्यांचा कारभारी, म्हणजे नियंत्रक. आता डिस्कलाच विचारता येऊ लागलं, 'तू कोण, तुझी मापं काय?' आणि ती उत्तर देऊ लागली. वाटेल, की आता खरा आप्त सापडला. स्वतःबद्दल स्वतःहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पण नेमकं याच सुमारास डिस्क खोटं बोलू लागली.

खोटं म्हणणं जरा कठोर झालं. गोष्ट अशी, की वारीतलं रिंगण पाहिलंय ना? आतल्या गोलात थोडे वारकरी मावतात, बाहेरच्या गोलात पुष्कळ. तबकडीचंही तेच. बाहेरचा ट्रॅक लांब, त्यावर सेक्टर जास्त बसतात, मग तिथली जागा वाया का घालवायची? म्हणून पट्टे पाडून बाहेर जास्त आणि आत कमी सेक्टर ठेवू लागले. झालं, 'दर ट्रॅकला सेक्टर किती' या प्रश्नाला एक उत्तरच उरलं नाही. पण विचारणारा बायोस, डॉस आणि वाटणीचं कोष्टक, तिघंही तीनच आकडे मागत होते. मग डिस्क त्यांना समजतील असे तीन आकडे देऊ लागली. आमच्या ६.४ जीबीच्या डिस्कने सांगितलं होतं, सिलिंडर १३,३२८, हेडं १५, सेक्टर ६३. आता पंधरा हेडं म्हणजे सात तबकड्यांच्या दोन्ही बाजू आणि आठवीची एक. हातात मावणाऱ्या, बोटभर जाडीच्या त्या डबीत आठ तबकड्या बसणारच नाहीत. पण गुणाकार बरोबर येतो, आणि मागितलेल्या पत्त्यावरचा मजकूर ती चोख आणून देते. वेदान्ती याला व्यावहारिक सत्य म्हणतील. व्यवहार चालतो तोवर सत्यच म्हणायचं.

व्यवहार अडला तो मर्यादांवर. बायोसला सिलिंडर चालतात १,०२४ पर्यंत. डिस्कच्या भाषेत सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेडं सोळापर्यंतच. दोघांच्या अटी एकत्र पाळायच्या तर हातात काय उरतं? १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३, म्हणजे १०,३२,१९२ सेक्टर, ५२,८४,८२,३०४ बाइट. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ही ५२८ एमबीची भिंत लोकांच्या डोक्याला लागली. डिस्क मोठी विकत घ्यायची आणि त्यातली पाचशेच एमबी दिसायची.

उपाय निघाला भाषांतराचा. बायोसने मध्ये दुभाषा म्हणून उभं राहायचं. डिस्क म्हणते सिलिंडर फार, हेडं थोडी. दुभाषाने सिलिंडर दोनाने भागायचे आणि हेडं दोनाने गुणायची, सिलिंडर १,०२४ च्या आत येईपर्यंत. गुणाकार तोच राहतो. आमच्या डिस्कवर हे करून पाहा: १३,३२८ चे ६,६६४, मग ३,३३२, मग १,६६६, मग ८३३. हेडं १५ ची ३०, ६०, १२०, २४०. म्हणजे ८३३ सिलिंडर, २४० हेडं, ६३ सेक्टर. बायोसच्या पडद्यावर या रीतीचं नाव असे 'लार्ज'. दुसरी रीत होती 'एलबीए'. तिच्यात डिस्कच्या आकड्यांकडे बघायचंच नाही. एकूण सेक्टर घ्यायचे आणि मोठ्या डिस्कला सरळ २५५ हेडं धरायची. २५६ का नाही? डॉसला २५६ हेडं सांगितली की ते गोंधळायचं, म्हणून एक कमी. आमच्या डिस्कला या रीतीने ७८४ सिलिंडर, २५५ हेडं, ६३ सेक्टर.

आता कागद-पेन्सिल असेल तर तिन्ही गुणाकार करा. १३,३२८ × १५ × ६३. ८३३ × २४० × ६३. ७८४ × २५५ × ६३. तिन्हींचं उत्तर एकच, १,२५,९४,९६०. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुन्हा करून पाहिलं, इतकं ते नेमकं जुळतं. म्हणूनच नव्या संगणकाच्या पडद्यावर डिस्कची क्षमता बिनचूक आली होती. एकूण क्षेत्रफळाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. सातबारावर आकार बरोबर, पण गडगा?

आमचा जुना संगणक 'लार्ज' बोलणारा, नवा 'एलबीए' बोलणारा. समजा, दुसरा हिस्सा सिलिंडर ४०० वर सुरू होतो अशी नोंद आहे. जुन्या यंत्राच्या हिशोबाने ४०० × २४० × ६३, म्हणजे सेक्टर क्रमांक ६०,४८,०००. नव्याच्या हिशोबाने ४०० × २५५ × ६३, म्हणजे ६४,२६,०००. फरक ३,७८,००० सेक्टरांचा, एकोणीस कोटी बाइटांहून जास्त. नवा संगणक कागद वाचून तेवढा पुढे जाऊन उभा राहिला. तिथे त्याला हिस्स्याची खूण सापडली नाही, म्हणून त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, इथे काही नाही. सरांचा 'तर्कसंग्रह' जागचा हललाही नव्हता.

त्या नोंदीत दुसराही पत्ता होता ना, नुसता अनुक्रमांक? त्याला साखळीच्या लांबीशी कर्तव्य नाही. तो वाचला असता तर प्रश्नच आला नसता. पण जुन्या प्रकारच्या हिस्स्यांसाठी त्या काळची प्रणाली तीन आकड्यांचाच पत्ता वाचत असे, कारण तिच्या लेखी तोच खरा. खरं-खोटं आणि जुनं-नवं यांची अदलाबदल अशी नकळत होते.

इथे एक आडवाट घेतो. जुन्या रिवाजात पहिला हिस्सा नेहमी दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू करत, म्हणजे सेक्टर ६३ पासून. पहिल्या सेक्टरमध्ये कोष्टक, पुढचे बासष्ट सेक्टर रिकामे. दोन कुळागरांमध्ये माणसाला जाण्यापुरती पाणंद सोडतात तशी ही पट्टी. आणि पाणंदीत कोण वावरतं ते आपल्याला ठाऊक आहे. ६ मार्चला उठणारा तो प्रसिद्ध 'मायकेलँजेलो' विषाणू पहिल्या सेक्टरमध्ये स्वतः बसे आणि मूळचं कोष्टक उचलून याच पट्टीत, सातव्या सेक्टरमध्ये, ठेवून देई. १९९२ मध्ये त्याने जगभर घबराट उडवली होती. गंमत म्हणजे, विध्वंस करतानाही त्याच्या डोक्यात एक मोजणी पक्की होती: सिलिंडर २५६, हेडं ४, सेक्टर १७. समोर डिस्क कुठलीही असो, हा पीसी-एक्सटीच्या काळच्या साखळीने मोजून पुसत सुटणार. चोराकडेही जुनाच नकाशा. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांचं 'क्विक हील' उभं राहिलं ते याच दशकात. पुढे लिनक्सचा ग्रब नावाचा सज्जन कार्यक्रमही याच पट्टीत मुक्कामाला आला. यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली उठवायची ते तो ठरवतो.

परत मूळ रस्त्यावर येऊ. डिस्क आठ जीबीच्या पलीकडे गेल्या, तेव्हा १,०२४ गुणिले २५५ गुणिले ६३ हेही अंगण संपलं. मग डिस्क बनवणाऱ्यांनी एक मजेशीर गोष्ट ठरवली. यापुढे प्रत्येक मोठ्या डिस्कने एकच उत्तर द्यायचं: सिलिंडर १६,३८३, हेडं १६, सेक्टर ६३. वीस जीबीची असो की पाचशे जीबीची, उत्तर तेच. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत सरसकट १ जून लिहीत, तसं. खरी क्षमता वेगळ्या रकान्यात, नुसत्या अनुक्रमांकांच्या संख्येत. बायोसलाही अनुक्रमांकाने मागण्याची नवी रीत शिकवली होतीच. म्हणजे आता आकार हा कोणाच्याच कामाचा नव्हता. फक्त वाटणीच्या कोष्टकातल्या त्या तीन बाइटांत काहीतरी लिहावं लागे, आणि काय लिहायचं त्यावर एकमत हवं होतं.

लिनक्सपुढे हा पेच जास्त तीव्र होता. सुरू झाल्यावर लिनक्स बायोसला बाजूला सारून डिस्कशी थेट बोलतं. डिस्क सांगणार सोळा हेडं. पण त्याच डिस्कवर शेजारी विंडोज नांदत असेल, तर ते बायोसच्या शब्दावर चालणारं, २५५ हेडं धरणारं. दोन आप्त, दोन वाक्यं. मग लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, अनुमानाचा आधार घेतला. तर्क सुंदर आहे. वाटणी करणारे कार्यक्रम हिस्सा नेहमी सिलिंडरच्या शेवटाला संपवत. तेव्हा जुन्या हिस्स्यांची नोंद उघडून पाहायची, शेवटचं हेड कितवं लिहिलंय? हेडांची मोजणी शून्यापासून, म्हणून २५४ लिहिलं असेल तर हेडं २५५. सगळ्या हिस्स्यांच्या शेवटी तोच आकडा असेल तर अनुमान पक्कं. धुरावरून अग्नी, तसं शेवटच्या हेडावरून साखळीची लांबी. मागच्या मोजणीदाराने गडगे कुठे कुठे घातले ते पाहून त्याची साखळी केवढी होती हे काढायचं, अगदी तेच.

सर असते तर इथे त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटून विचारलं असतं, "आणि हेतूच नसेल तर?" कोरी करकरीत डिस्क, एकही हिस्सा नाही, म्हणजे धूरच नाही, तर अनुमान कशावरून करणार? किंवा हिस्से असतील, पण दोन वेगळ्या कार्यक्रमांनी दोन साखळ्यांनी पाडलेले? हेत्वाभासाचं उदाहरण म्हणून हे विद्यार्थ्यांना देण्यासारखं आहे.

हा अंदाजांचा खेळ थांबवावा, असं आग्रहाने म्हणणाऱ्यांत आंद्रिएस ब्राउवर होते. हे डच गणिती, लिनक्सच्या या भागात त्यांनी बरंच काम केलं आणि मोठ्या डिस्कांवर एक सविस्तर टिपण लिहून सगळ्यांना हा घोळ समजावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डिस्कला आकार नाहीच. जे नाही ते कर्नेलने ठाऊक असल्यासारखं सांगू नये. तत्त्वतः याला तोड नाही. २००३ च्या डिसेंबरात कर्नेल २.६ आलं, त्यात ते अनुमान काढून टाकलेलं होतं. विचारलं तर डिस्क जे स्वतः म्हणते तेवढंच ते सांगू लागलं.

आणि २००४ मध्ये त्याचा फटका बसला. नवं कर्नेल घेऊन आलेली फेडोरा कोअर २ आणि त्या पिढीतली आणखी काही लिनक्स वितरणं विंडोजच्या शेजारी बसवली, की काही यंत्रांवर विंडोज उठेना. बसवणाऱ्या कार्यक्रमाने कर्नेलला आकार विचारला, कर्नेलने सोळा हेडं सांगितली, आणि त्या हिशोबाने वाटणीचं कोष्टक नव्याने लिहिलं गेलं, विंडोजच्या हिस्स्याचीही नोंद त्यात आली. अनुक्रमांकाचा पत्ता बरोबर, तीन आकड्यांचा पत्ता परक्या साखळीचा. विंडोजचा सुरुवातीचा कार्यक्रम दुसरा वाचणारा. तिथेही मजकूर जागच्या जागी होता. कोष्टक २५५ हेडांनी पुन्हा लिहिलं, किंवा बायोसला जाऊन 'एलबीए' असं ठाम सांगितलं, की विंडोज उठे. पण हे न कळल्यामुळे घाबरून किती जणांनी डिस्का पुसल्या असतील, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

आम्हाला या प्रसंगात दोन्ही बाजू पटतात, हीच आमची अडचण आहे. जे ठाऊक नाही ते सांगू नये, हे बरोबर. पण जो आकडा कुणालाच ठाऊक नाही तरी सगळे पाळतात, तो पाळणारा अचानक खरं बोलू लागला तर शेजाऱ्याचं घर पडू शकतं. रूढीला वस्तूचा आधार नसेल, पण माणसांचा असतो. संगणकातल्या रूढीला कार्यक्रमांचा.

तीन आकड्यांचा पत्ता शेवटी मावळला तो वेगळ्याच कारणाने. २०१० च्या आसपास डिस्कवरचा खरा सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचा होऊ लागला, म्हणजे जुन्या आठ सेक्टरांचा एक. पहिला हिस्सा ६३ वर सुरू करायची जुनी चाल इथे नडली. ६३ ला आठाने भाग जात नाही. मग प्रत्येक लिखाण दोन मोठ्या सेक्टरांच्या सीमेवर तंगडी टाकून पडणार आणि डिस्क रेंगाळणार. विंडोज व्हिस्टापासून पहिला हिस्सा सेक्टर २,०४८ वर, म्हणजे बरोबर एक एमबीवर, सुरू होऊ लागला होता. लिनक्सचे कार्यक्रमही त्याच मार्गाने गेले. सिलिंडरची सीमा गाठायचा अट्टाहास संपला. जुन्या कोष्टकातला अनुक्रमांक बत्तीस बिटांचा, त्याची धाव दोन टीबीच्या जरा पुढे संपते. म्हणून जीपीटी नावाचं नवं कोष्टक आलं, त्यात चौसष्ट बिटांचे अनुक्रमांकच फक्त. तरी जीपीटीच्या पुढे, पहिल्या सेक्टरमध्ये, जुन्या कार्यक्रमांना दाखवायला एक जुनं कोष्टक ठेवलेलं असतंच. त्यातली एकुलती एक नोंद सांगते, 'सगळी डिस्क व्यापलेली आहे, हात लावू नये'. आणि त्या नोंदीत हेड-सेक्टर-सिलिंडरचे तीन बाइट आजही भरतात. आमच्या आताच्या संगणकात फिरणारी तबकडीच नाही, हेड नाही, नुसत्या चकत्या. त्याच्याही पहिल्या सेक्टरमध्ये ते तीन बाइट आहेत.

आता राहिलं आमचं. डिस्क कपाटात ठेवून तीनेक आठवडे झाले असतील. शेजारच्या वाडीतला एक मुलगा अभियांत्रिकीला होता, गणपतीला घरी आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "जुन्या संगणकात ही डिस्क कुठल्या मोडवर होती?" आम्हाला काय ठाऊक! त्याने डिस्क जोडली, बायोसच्या पडद्यावर गेला, त्या डिस्कपुढे 'ऑटो' लिहिलं होतं ते काढून 'लार्ज' केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. दुसरा हिस्सा समोर होता. फाइल उघडली तर सगळी अगम्य चिन्हं, पण ते नवीन यंत्रावर जुना मराठी फाँट नव्हता म्हणून, आणि तो इलाज आम्हालाही येत होता. त्या रात्री छपाईयंत्राची शाई संपेपर्यंत पानं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंकडे नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "यांचा आवाज येतो रे."

ती डिस्क अजून आमच्याकडे आहे. मुलाने जाताना तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, खाऱ्या हवेने ती पिवळी पडली आहे. तिच्यावर बॉलपेनने लिहिलंय: 'लार्ज. हेडं २४०. दुसरं कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.'